बिनहळदीची खळ

जांबोटी
३० जून २०२५

सौ. चंपाबाई,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायचा असतो म्हणून लिहिला. आता मुद्द्याचं.

फोन का केला नाही असं तुम्हाला वाटेल. आमच्याकडे पाऊस लागला की रेंज जाते. वरच्या वळणावर जाऊन बोलायचं तर तिथे बसची वाट बघत निम्मं गाव उभं असतं. शिवाय फोनवर माझा आवाज चढतो, हे मला माहीत आहे. लिहिताना निदान हात तरी दमतो.

दिपाली सुखरूप पोचली. लग्नानंतरचा पहिला आषाढ, सासू-सुनेने एका उंबऱ्याआत राहायचं नाही, ही रीत तुमच्यातही आहे आणि आमच्यातही. तुम्ही पोरीला वेळेवर पाठवलीत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. अंगानेही बरी दिसते. मी तिच्या आवडीचं सगळं केलं. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, वर लाल मिरचीचा, लसणीचा खर्डा. बेळगावात नोकरीला होती तेव्हा दर शनिवारी हेच खायला धावत यायची. तर दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढे येऊन मला काय म्हणते?

"आई, उद्या थोडी खळ करशील गं?"

मी म्हटलं, "कुठल्या लुगड्याला घालायची हाय?"

"लुगड्याला न्हाय गं. प्यायला."

चंपाबाई, माझी तव्यावरची भाकरी करपली. मग खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की तुमच्या घरी रोज सकाळी हिच्या पोटात खळ जाते. पांढरीफट. हळद नाही, तिखट नाही, वरून फोडणी नाही. आम्ही शेतकरी माणसं, आम्हाला फार कळत नसेल, पण खळ कापडाला घालतात एवढं कळतं. आणि बिनहळदीचं, बिनफोडणीचं पांढरं जेवण आमच्यात कधी शिजतं, ठाऊक आहे? घरात कुणी गेलं की. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा मी ते शिजवलं होतं. दिवस झाले तसं ते पातेलं मी माळ्यावर टाकलं, ते अजून खाली आणलेलं नाही.

तर मला एवढंच सांगा, तुमच्या घरात कोण गेलंय? माझ्या नव्या नवरीला पहिल्याच वर्षी तुम्ही दुखवट्याचं खायला घालता, आणि तेही सुताला लावून उरलेला चिकटा?

माझे धाकटे दीर मारुतीराव तर तापलेच. म्हणाले, "वैनी, जात येगळी असून आपण पोरगी दिली, ती काय ह्येच्यासाठी? आता सोडायची न्हाय." दिपालीचे आप्पा नेहमीप्रमाणे गप्प आहेत. यावेळी मी मारुतीरावांच्या बाजूची आहे. आषाढ संपेल, पंचमीचा सण होईल. तोवर तुमचं उत्तर मला पटलं तर पोर परत येईल. नाही पटलं तर जावयाने, नागेंद्रने, इकडे येऊन राहावं. आमच्याकडे हळद भरपूर आहे.

कल्लाप्पा अण्णांना यातलं काही सांगू नका. भला माणूस आहे.

मालुबाई

*

शहापूर, बेळगाव
४ जुलै २०२५

सौ. मालुबाई,

तुमचा नमस्कार पोचला. मागचं सगळंही पोचलं. पत्र मी दोनदा वाचलं आणि मग नागेंद्रच्या वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं. सांगू नका असं शेवटच्या ओळीत लिहिलेलं असल्यामुळे ते मला उशिरा कळलं.

आमच्या घरात कुणीही गेलेलं नाही. सगळे धडधाकट आहेत.

आता खळीचं. आमच्या गल्लीत पूर्वी भल्या सकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत उभं सूत पसरलेलं असायचं. मागावर ते तुटू नये, त्याला ताठपणा यावा म्हणून त्याला खळ पाजायची. त्या कामाला पांजणी म्हणतात. खळीसाठी तांदळाच्या कण्या वाटून मोठ्या हंड्यात शिजवायच्या. शिजल्या की त्यात मोरचूद आणि तेल पडायचं, आणि मग ती माणसाच्या कामाची राहायची नाही. पण त्याच्या आधी, हंडा चुलीवर असतानाच, घरातली थोरली बाई पहिली वाटी काढून देवापुढे ठेवायची. मग घरातल्या सगळ्यांच्या वाट्या भरायची. त्यानंतर सुताची पाळी. म्हणजे मालुबाई, आम्ही सुताचं उरलेलं खात नव्हतो, सूत आमचं उरलेलं खात होतं.

आता सूत खळ पाजूनच येतं. हंडा गेला, वाटी राहिली. त्यात ताक, ठेचलेली लसूण, जिरं, मीठ. नावही तेच राहिलं, कारण ते बदलावं असं कधी कुणाच्या मनात आलं नाही.

हळद का नाही, ते ऐका. मागावर साडी असते. ती कुणाच्या तरी लग्नाची असते. तिच्यावर पिवळं बोट उमटलं तर साबणाने तो डाग लाल होतो आणि आणखी बसतो. आमचे मामंजी सांगायचे, त्यांच्या लहानपणी कुणाच्या तरी बोटाचा आमटीचा थेंब पदरावर लागला आणि सबंध पदर उसवून पुन्हा विणावा लागला. तेव्हापासून या घरात माग चालू असेपर्यंत हळद नाही, तिखट नाही, तेल नाही, आणि हाताने खाणंही नाही. वाटी तोंडाला लावायची आणि कामाला बसायचं. संध्याकाळी माग थांबला की आम्हीही लालभडक रस्सा खातो. घाम पुसत खातो.

मी निपाणीची. तंबाखूच्या गावची, ठेच्याशिवाय घास न गिळणारी. लग्नानंतर पहिल्या सकाळी ही वाटी माझ्यापुढे आली तेव्हा मलाही रडू आलं होतं. माझ्या आईला कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. पण तिने पत्र लिहिलं नाही.

राहिलं दिपालीचं. तिला ही वाटी मी दिलेलीच नाही. शेतातल्या घरची मुलगी, तिला सवय नाही, म्हणून मी रोज तिच्यासाठी वेगळं करत होते. पोहे, भाकरी, जे तिला आवडेल ते. एक दिवस तिनेच माझ्या हातातली वाटी घेतली आणि म्हणाली, "आत्ती, तुम्ही सगळी एक खाताय आन् मला येगळं. मी पावणी हाय व्हय?" हे तिने तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. आणखीही एक गोष्ट तिने सांगितलेली दिसत नाही. पण ती तिची आहे, तिनेच सांगावी.

उत्तर पटलं की नाही ते कळवा. मारुतीरावांना नमस्कार. लग्नात त्यांना आमचा खव्याचा कुंदा फार आवडला होता. वाढत मीच होते, म्हणून लक्षात आहे.

चंपाबाई

*

जांबोटी
८ जुलै २०२५

चंपाबाई,

कुंद्याचं मारुतीरावांना वाचून दाखवलं नाही. घरात शांतता हवी.

तुमचं पत्र निम्मं पटलं. दिपालीला विचारलं, "तू स्वतः मागून घेतलीस?" तर म्हणाली, "व्हय." "मग सांगितलं का न्हाईस?" तर म्हणाली, "तू वरडशील म्हणून." मी काय ओरडते का? जरा मोठ्याने विचारते, एवढंच. ती दुसरी गोष्ट कोणती ते मात्र सांगत नाही. विचारलं की नखं कापत बसते. इतकी बारीक नखं तिने शाळेतसुद्धा कापली नव्हती.

सुताच्या आधी माणूस, हे मात्र मला आवडलं. आमच्याकडेही भात झोडपलं की पहिलं सूप देवाचं आणि घराचं, मग बाकीचं. म्हणून म्हटलं, विहीणबाई एवढं लिहिते तर करून बघावं. कण्या वाटल्या, शिजवल्या, ताक घातलं. पळी पातेल्यात सरळ उभी राहिली. आप्पांनी एक घोट घेतला आणि त्यांचे ओठ मिटले ते मिटलेच. एरवीही ते बोलत नाहीत, म्हणून मला ते जरा वेळाने कळलं. उरलेल्यातून मारुतीरावांनी गोठ्याच्या दारावर कॅलेंडर चिकटवलं. इतका पाऊस लागूनही ते पडलेलं नाही. दिपाली खांबाला टेकून हे सगळं बघत होती आणि हसत होती, पण एक शब्द सांगेल तर शपथ.

तर कागदावरचं खाऊन बघता येत नाही. पुढच्या गुरुवारी, सतरा तारखेला, आमची रोप लावणी आहे. पैऱ्याच्या बायका येतात. आज त्या आमच्या शेतात, उद्या आम्ही त्यांच्या. मजुरी कुणीच देत-घेत नाही, पण दुपारचं जेवण ज्याचं शेत त्याने घालायचं, आणि त्या जेवणावरून वर्षभर बोलणं होतं. ज्या घरचं जेवण पुळचट, त्या घरी पुढच्या वर्षी बायका ऊन डोक्यावर आल्यावर उगवतात. मारुतीरावांचं म्हणणं असं, की तुम्ही यावं आणि त्या बायकांना तुमची ती खळ खायला घालावी. त्यांनी मिटक्या मारून खाल्ली तर आमचा राग संपला, पोर वाजतगाजत पाठवू. त्यांनी वाट्या बांधावर ओतल्या, तर ते जेवण माणसाचं नव्हतं हे तुम्ही कबूल करायचं, आणि माझ्या लेकीला पुन्हा द्यायचं नाही.

खरं सांगते, ही कल्पना मला पहिल्यांदा आवडली नाही. फजिती झाली तर नाव माझ्या घराचं जाणार. पण चार माणसांसमोर बोलून गेले आहे आणि मागे हटायची मला सवय नाही. तुम्हाला असली तर कळवा.

मालुबाई

*

शहापूर
११ जुलै २०२५

मालुबाई,

तुम्ही कृती मागितलीच नव्हतीत. जाब मागितला होता, तो मी दिला.

कण्या आंबवाव्या लागतात. दोन रात्री पाण्यात ठेवायच्या, आंबूस वास आला की वाटायच्या, वरचं पाणी ओतून द्यायचं आणि मंद चुलीवर एका दिशेने ढवळत शिजवायच्या. न आंबवता शिजवलं की तुमचं झालं तसं होतं. आमच्याकडेही पतंग चिकटवायला पोरं तसंच करतात.

मागे हटायची सवय मलाही नाही. मी येईन. पण एक अडचण आहे ती तुमच्या लक्षात आली नाही. आषाढ अजून संपलेला नाही, आणि तुमच्या घरात माझी सून आहे. मी तुमचा उंबरा ओलांडणार नाही. रीत मोडून जिंकलेलं मला नको. म्हणून मी बसमधून उतरेन ती थेट शेतात जाईन, तिथेच रांधीन आणि तिथूनच परत जाईन. शेताला उंबरा नसतो.

मला लागणार ते असं. ताडपत्रीखाली चूल. कोरडी लाकडं, ती तुम्ही आत्तापासून माळ्यावर ठेवा. घरचं ताक, फार आंबट नको. तांदूळ तुमच्याच शेतातला जुना. कण्या दिपाली आंबवेल, तिला येतं. हंडा मी आणते. पांजणीचा आहे, माझ्या सासूबाईंचा. आता त्यात आम्ही पाणी तापवतो, पण घासला की अजून चमकतो.

पाण्यापावसात तुमच्या रानात चालायची मला सवय नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा. मी पडले तर हसा, पण हंडा धरा.

चंपाबाई

*

जांबोटी
१४ जुलै २०२५

आत्ती,

हे पत्र आईला न सांगता लिहिते आहे. शेजारची प्रियदर्शनी उद्या कॉलेजला बेळगावला जाणार आहे, ती आणून देईल.

आत्ती, येऊ नका. नागेंद्रला सांगते, तो काहीतरी कारण कळवेल. काकांनी दुसरं जेवणही सांगून ठेवलंय. भाकऱ्या आणि मटणाचा झणझणीत रस्सा, मोठं पातेलं. म्हणतात, "बायकांनी वाट्या वतल्या तर उपाशी न्हाई ठेवायची." आणि तो रस्सा तुमच्या शेजारीच मांडणार आहेत. पावसात भिजलेली बाई रस्सा बघितल्यावर तुमच्या पांढऱ्या वाटीकडे कशाला बघेल? मष्णूची आई येणार आहे. ती लावणीच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे असते आणि तिला आवडलं नाही की ती तोंडावर सांगते. तुम्हाला कुणी हसलं तर मला सहन होणार नाही. आणि मला तिकडे यायचं आहे, आत्ती. माझी साडी मागावर अर्धी राहिली आहे.

ते आईला अजून सांगितलेलं नाही. तिने मला शिकवलं ते खुर्चीत बसून काम करता यावं म्हणून. मी दुकानाचे हिशेब बघते एवढंच तिला माहीत आहे. दुपारी मामंजींच्या हातमागावर बसते, आणि हिशेबापेक्षा मला तेच आवडतं, हे कसं सांगू? तिला वाटेल तुम्हीच मला जुंपलं.

तरीही येणारच असाल तर कण्या मंगळवारी भिजत घालते.

तुमची
दिपाली

*

जांबोटी
१९ जुलै २०२५

विहीणबाई,

परवा तुम्ही चारच्या बसने निघून गेलात. निघताना मी काही बोलले नाही. बोलले असते तर सगळ्यांसमोर रडले असते, आणि ते मारुतीरावांनी बघितलेलं मला चाललं नसतं. शिवाय तुम्ही सबंध वेळ चुलीकडे तोंड करून, धुरात डोकं घालून उभ्या होतात. तुमच्या पाठीमागे काय झालं ते तुम्हाला दिसलंच नाही. ते आता मी लिहिते.

बांधावरून येताना तुम्ही दोनदा घसरलात, पण हंडा काही तिरका झाला नाही. तेव्हाच मष्णूची आई मला हळूच म्हणाली, "बाई पडंल पर भांडं न्हाय सोडायची. कुठली गं ही?" मी म्हटलं, "माझी विहीण." हे मी जरा तोऱ्यात म्हटलं, का ते मलाही कळलं नाही. तोवर तर मी तुमच्या विरुद्ध होते.

दुपारी बायका वर आल्या. सगळ्यांच्या अंगावर प्लास्टिकच्या खोळी, कोपरापर्यंत चिखल, थंडीने दात वाजताहेत. एका बाजूला मारुतीरावांचा रस्सा, वर बोटभर लाल तवंग, वास पार ओढ्यापर्यंत. दुसऱ्या बाजूला तुम्ही. बायका रश्शाकडे वळल्या. खोटं कशाला सांगू, सगळ्याच वळल्या. मारुतीराव माझ्याकडे बघून मिशीत हसले. दिपालीचा चेहरा असा झाला, की तिला घेऊन तिथून निघून जावं असं मला वाटलं.

पण रस्साभाकरी खायची तर हात धुवायला हवेत. बायका ओढ्याकडे निघाल्या. मष्णूच्या आईला गुडघ्यांमुळे ओढ्यात उतरवत नाही. ती तिथेच थांबली आणि तुम्हाला म्हणाली, "माझं हात चिखलाचं हायती. कसं खाऊ?" तुम्ही मागे न बघताच म्हणालात, "हात लागतच न्हाय ह्याला. ओंजळीत वाटी धरा आन् तोंडाला लावा." तिने दोन्ही तळव्यांत वाटी धरली. आधी नुसती ऊब घेतली. मग एक घोट घेतला. मग डोळे मिटले, आणि वाटी रिकामी होईपर्यंत उघडले नाहीत.

आणि मग ती काय म्हणाली ते तुम्ही ऐकलंत, पण तिचं तोंड तुम्ही बघितलं नाहीत, विहीणबाई. लहान पोरीसारखं झालं होतं. "वत आणखी," म्हणाली. "पार पायाच्या बोटापातूर गेलं बघ."

तोवर ओढ्यावरच्या बायका हात धुऊन रश्शाला बसल्या होत्या. पहिला घास मोडला आणि एकेकीचं तोंड वाकडं झालं. मी स्वतः उभी हयात लावणी केली आहे आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, याचंच मला नवल वाटतं. दिवसभर चिखलात हात घालून बोटांच्या बेचक्या फुटलेल्या असतात. त्यात तिखट गेलं की आग होते. दरवर्षी होते. दरवर्षी आम्ही फू फू करत तसंच जेवतो, कारण लावणीचं जेवण म्हणजे रस्सा, असं आमच्या डोक्यात बसलंय. शेवंता हात झाडत उठली आणि म्हणाली, "मरू दे त्यो रस्सा, मला ती पांढरी वाटी द्या." तिच्या मागे दुसरी उठली. मग सगळ्याच. तुम्हाला मागे नुसता वाट्यांचा आवाज येत होता ना? त्या वाट्या ओतल्याच्या नव्हत्या. पुन्हा भरून घ्यायला रांग लागली होती.

तुमच्या मामंजींच्या घराने हात स्वच्छ राहावे म्हणून जे केलं, ते आमच्या बरबटलेल्या हातांना जन्मभर हवं होतं. जांबोटीहून बेळगावला रोज बस जाते, आणि एवढी साधी गोष्ट इकडे यायला एक लग्न व्हावं लागलं.

मारुतीराव शेवटपर्यंत रश्शाशेजारी उभे होते. ताडपत्रीचं पाणी त्यांच्या पातेल्यात गळत होतं. शेवटी तेही आले. "चव बघतो," म्हणाले. तुम्ही हंडा खरवडत होतात तेव्हा मागून पुन्हा पुन्हा वाटी पुढे करणारा जो हात होता, बांगड्या नसलेला, तो त्यांचा.

मग मष्णूच्या आईने विचारलं, "ह्येच्यात हळद का न्हाय वो?" आणि तुम्ही म्हणालात, "मागावर डाग पडतो म्हणून." त्यावर दिपाली पुढे आली. तुम्ही तेव्हा वळलात, म्हणजे पुढचं तुम्हाला माहीत आहे. पण माझ्या मनात काय झालं ते माहीत नाही. सगळ्या बायकांसमोर ती म्हणाली, "आई, मी बी मागावर बसते. मला कुणी बसवलं न्हाय. मला आवडतं म्हणून बसते." मला आधी राग आला. मी तिला शिकवली ती तिचे हात माझ्यासारखे होऊ नयेत म्हणून. मग मी तिच्या हातांकडे बघितलं. कापलेली नखं, स्वच्छ बोटं, आणि मान वर. माझ्यापुढे मान वर करून ती त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. मला अभिमान वाटला, विहीणबाई. लिहून टाकलं आहे, आता फिरवता येणार नाही.

काल शेवंताच्या शेतात लावणी होती. तिने सकाळीच निरोप धाडला, "तुमच्या विहिणीची खळ पायजे, न्हाईतर बायका येणार न्हाईत." दिपालीने मंगळवारी जास्तीच्या भिजवलेल्या कण्या उरल्या होत्या, त्यांची मी आणि तिने केली. पळी उभी राहिली नाही. पातेलं कमी पडत होतं म्हणून मी माळ्यावर चढले आणि सासूबाईंच्या दिवसांनंतर टाकलेलं ते पातेलं खाली उतरवलं. राखेने घासलं. त्यात खळ शिजली आणि शेतभर हसणंखिदळणं चाललं होतं. सासूबाईंनाही ते आवडलं असतं, कारण त्या स्वतः लावणीच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे असायच्या.

पंचमी झाली की पोर येते. वाजतगाजत येते, मारुतीराव स्वतः सोडायला येणार आहेत. त्यांची एकच तक्रार उरली आहे. काल रात्री जेवताना म्हणाले, "वैनी, आता ही खळ आनंदाची झाली. उद्या घरात कोण गेलं तर शिजवायचं काय?"

मी म्हटलं, "आधी सगळी जगा. मग बघू."

तुमची विहीण
मालुबाई

*

शहापूर
६ ऑगस्ट २०२५

विहीणबाई,

दिपाली पोचली. मारुतीरावही पोचले. कुंदा त्यांना बांधून दिला आहे. वाटेत संपला नसेल तर तुमच्यापर्यंत येईल.

तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. मष्णूच्या आईचं बोलणं त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग उठले आणि गल्लीत जाऊन चार घरी सांगून आले. आता आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे की जांबोटीच्या रानात बायका आमच्या खळीसाठी रांग लावतात. ज्यांनी ही वाटी गरिबाघरची म्हणून केव्हाच सोडली होती, त्यांच्या सुना आता माझ्या दारात येऊन विचारतात, "आक्का, कण्या किती दिवस भिजवायच्या?" मी ताठ मानेने सांगते. मला किती बरं वाटतं ते तुम्हाला सांगायला हरकत नाही, बाकीच्यांना मी दाखवत नाही.

त्या दिवशी मी चुलीकडे तोंड करून का उभी होते, तेही सांगते. धुरामुळे नाही. मला भीती वाटत होती.

तुम्ही पोरीबरोबर पाठवलेली घरची हळद मिळाली. डबा उघडला तर घरभर वास सुटला. ती संध्याकाळच्या रश्शात पडते आहे, सकाळच्या वाटीत अजून नाही, आणि पडणारही नाही. त्यावर राग धरू नका.

दिपालीची अर्धी राहिलेली साडी परवा मागावरून उतरली. त्याच मागावर तिने काल दुसरी लावली. रंग तिनेच निवडला. सबंध साडी हळदीची, काठ तांबडा खर्ड्याच्या रंगाचा. मी विचारलं, "कुणाची गं ही?" तर म्हणाली, "आईची. पिठलं सांडू दे, रस्सा सांडू दे, डाग दिसायचा न्हाय. तिला खाताना बोलायची सवय हाय."

चंपाबाई